बघायचं राहिलेलं

बारामतीहून इंदापूरला निघालेल्या एसटीत आफ्रिकेतला एक पोरगा माझ्या शेजारी बसला आणि कंडक्टरला म्हणाला, ‘एक इंदापूर द्या की, राव.’ झालं! सगळी गाडी त्याच्यावर फिदा. पुढच्या बाकावरच्यांनी वळून सेल्फी काढले, मीही दात काढून त्यात घुसलो. तो बिचारा दर फोटोला कॉलर सरळ करायचा.

चार वर्षं बारामतीत शेतकी शिकला, आता रविवारी विमान. शेवटचे दिवस म्हणून भिगवणचे रोहित पक्षी बघून झाले होते, आज इंदापूरची गढी.

‘अजून काय ऱ्हायलं बघायचं?’ पलीकडच्या पेरूवाल्या मावशींनी विचारलं.

‘घर,’ तो म्हणाला. ‘तुमचं कुणाचंबी. चार वर्षांत एकदाबी आतनं न्हाय बघितलं.’

काय सांगू, अख्ख्या गाडीला एकदम खिडकीबाहेरचा ऊस आवडायला लागला. मला तर फारच. मावशींनी टोपलीतला सगळ्यात मोठा पेरू निवडला, पदरानं पुसला आणि त्याच्या हातावर ठेवला. ‘घे बाळा. हितंच खा.’

‘सगळी असंच देत्यात, मावशी,’ तो हसून म्हणाला. ‘गाडीतच.’

निमगाव केतकीला मावशी उतरल्या आणि स्टँडसमोरच्याच आपल्या घराच्या ओट्यावर चढल्या. दार सताड उघडं होतं. त्यांनी वळून प्रेमानं हात हलवला. आम्ही सगळ्यांनी हलवला. तो मात्र, पेरू हातात तसाच धरून, गाडी हलेपर्यंत मान वाकडी करून त्या दारातून आत काय दिसतंय ते बघत राहिला.