लंगडा बैल आधी

आक्का मातीचे बैल करायला बसली की आधी लंगडा करायची. आमच्या कर्नाटकातल्या आळंद भागात जेठातल्या अमावस्येला घरोघर काळ्या मातीचे बैल करून पुजतात. दुसऱ्या दिवशी पोरं त्यातल्या एका बैलाचा पाय मोडतात, त्याला सुपात बसवतात आणि लंगड्याच्या नावानं दारोदार मूठ मूठ ज्वारी मागत फिरतात. जमलेल्या ज्वारीचं काहीतरी करून सगळ्यांनी मिळून खायचं, एवढाच तो खेळ. गावातले बाकी सगळे लंगडे असे मोडून झालेले. आमचा मात्र जन्मतः लंगडा.

"मोडायचा कामून?" आक्का म्हणायची. "मोडलेला पडतोय. तीन पायांवर उभा ऱ्हाईल असाच करावा." मागच्या अंगाला ती माती जास्त लावायची, शेपूट खाली आणून जमिनीला टेकवायची आणि हात काढून घ्यायची. बैल उभा राहायचा. धडधाकट जोडी मग शेवटी, उरल्यासुरल्या मातीची. "त्यांचं काय, ते कसेबी उभारतेत."

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मला ती तम्मा म्हणायची. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. घरात मराठी, गल्लीत कानडी, बाजारात दखनी उर्दू असा आमचा कारभार, आणि आक्का रागावली की तिन्ही भाषा एकदम बाहेर पडायच्या. लग्न होऊन वर्षभरात ती माघारी आली ती कायमची. का आली, ते मी कधी विचारलं नाही. मी विचारत नाही आणि सांगतही नाही, असाच माझा स्वभाव. आज आक्का नाही, आणि जे तिला सांगायचं होतं ते इथं लिहायला बसलोय.

खेळातही तिचे नियम असायचे. बैल दावणीला बांधायचे तर लंगड्याची गव्हाण सगळ्यात जवळ. त्याला पाणी आधी. पाऊस आला म्हणून बैल आत घ्यायचे तर पहिला लंगडा उचलायचा. मी एकदा घाईत धडधाकट जोडी आधी आत आणली, तर आक्कानं मला हाताला धरून पावसात उभं केलं. "आता कळालं का त्याला कसं वाटायलंय?" मी भिजून कुडकुडायला लागलो, तेव्हा तीही शेजारी येऊन उभी राहिली. आईनं आतून दोघांनाही शिव्या घातल्या.

मी आठ वर्षांचा होतो त्या साली अप्पा बांधकामाच्या कामाला हैदराबादला गेले आणि त्यांचा निरोप येईना. आईनं अंथरूण धरलेलं. मेंढरं आजोबांच्या काळातच संपलेली. ओसरीवर फक्त एक जुनं घोंगडं उरलं होतं. अमावस्या झाली, दुसऱ्या दिवशी आम्ही गावात लंगडा फिरवला, परडीभर ज्वारी आली. तिसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, "तम्मा, आपला लंगडा लई गुणाचा हाय. चल, ह्याला पलीकडचं गाव दाखवू." मी उड्या मारत निघालो. सूप धरायचं काम तिचं, ओरडायचं माझं. "लंगडा आलाय दारी, घाला मूठभर ज्वारी!" पुढच्या दिवशी आणखी पलीकडचं गाव. ज्या गावात आम्हाला कुणी ओळखत नाही, ते गाव आक्काला बरोबर ठाऊक असायचं.

असे किती दिवस गेले कोण जाणे. एका गावात दारात उभी असलेली बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं पोरी, अमावस्या होऊन पंधरा दिस झाले की! तुझा बैल आता आलाय व्हय?"

आक्का क्षणभरही थांबली नाही. "मावशी, लंगडा हाय न्हवं का. उशीर व्हणारच की."

बाई खळखळून हसली आणि तिनं सूप अर्धं भरलं. मीही हसलो. पण हसता हसता माझं लक्ष आक्काच्या पायांकडं गेलं. पायाचे अंगठे तिनं जमिनीत असे रुतवले होते, की कुणी ढकललं तरी हलू नये. तिथंच मला कळलं की हा खेळ नाही.

आक्काला मात्र मी ते कळू दिलं नाही. येताना ती विचारत होती, "मजा आली का रं?" मी म्हणालो, "लई." पुढच्या दारात मी आधीपेक्षा मोठ्यानं ओरडलो, आणि नंतरच्या प्रत्येक दारात त्याहून मोठ्यानं. मी खेळतोय असं तिला वाटत राहावं, म्हणून. आठ वर्षांच्या पोराजवळ द्यायला दुसरं काय असतं? पुढं अप्पा परत आले, आई उठली, घर चालू लागलं. त्या पंधरा दिवसांचा विषय कुणी काढला नाही.

मी कलबुर्गीत आयटीआय केलं. त्या वर्षांत आक्का लोकांच्या तुरीत खुरपत होती. मग नव्या कारखान्यांचे दिवस आले. आमच्या भागातली पोरं पुणं नाहीतर हैदराबाद अशी पांगली, तसा मीही पुण्यात चिंचवडला लागलो. लग्न झालं, स्नेहा झाली, सोसायटीत दोन खोल्या झाल्या. माझ्या लहानपणी नव्हतं ते सगळं मी स्नेहाला आणून दिलं. सेलवर पळणारी मोटार, भिंतीला धडकून आपोआप वळणारी. एक बाहुली, दाबलं की रडणारी आणि उचललं की गप्प होणारी.

स्नेहा सहा वर्षांची असताना आक्का अमावस्येच्या तोंडावर आमच्याकडं आली. पिशवीत तुरीची डाळ, शेंगाची चटणी आणि खाली गावची काळी माती. "तुमच्यातली माती चिवट न्हाई," म्हणाली. तिनं ती बाहुली हातात घेऊन दोनदा रडवली, दोनदा गप्प केली. "उचललं की गप्प बसतीया? मग ही रडायलीय तरी कामून?" मोटारीकडं बराच वेळ बघून म्हणाली, "ह्याला पोरीचं काहीच लागंना की रं तम्मा. हे पळायलंय आन् ती नुसती बघायलीय."

दुसऱ्या दिवशी तिनं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मातीच्या चार भिंतींवर बसवला आणि पत्र्याला खिळ्यानं तीन भोकं पाडली. आत चिंध्यांच्या चार बाहुल्या. वरून तांब्यानं पाणी ओतायचं, आणि स्नेहानं कुठं गळतंय ते बघून चौघींना कोरड्यात झोपवायचं. कोरडी जागा तिघींपुरतीच. स्नेहानं तीन झोपवल्या आणि चौथी हातात घेऊन रडकुंडीला आली. "आत्या, हिला जागाच नाही!" आक्का म्हणाली, "बघ की मग. तूच मोठी हायस त्या घरात." पोरगी तासभर खटपट करत राहिली. शेवटी तिनं चौघींना बसतं केलं, पाठीला पाठ लावून. झोप कुणालाच नाही, पण भिजलंही कुणी नाही. माझी बायको सुमन हे बघून इतकी खूश झाली की तिनं शेजारच्या मुलींना बोलावून आणलं. गॅलरीत पाणीच पाणी झालं.

मला ते आवडलं नाही. सुमनला म्हणालो, "मुलांच्या हातात दुःखाची खेळणी कशाला? आयुष्य देणारच आहे ते. खेळणं आनंदासाठी असतं." बाप म्हणून हे माझं मत होतं, आणि ते अगदीच चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण ते खरं कारण नव्हतं. खरं कारण असं, की गळकं घर आमचंच होतं. आमच्या घरी पोटापुरती शेती होती, एवढंच मी सुमनला सांगितलं होतं. आक्काच्या बोटांतून एकेक खेळणं बाहेर येत होतं, आणि मला वाटत होतं, उद्या ही पोरगी विचारेल, हे कुणाचं घर?

अमावस्येला बैल झाले. आधी लंगडाच. दुसऱ्या दिवशी मी कामावरून परत आलो तर जिन्यात गर्दी. पुढं स्नेहा, तिच्या हातात स्टीलच्या ताटात लंगडा, मागं पाच-सहा पोरं. तिन्ही मजले फिरून झाले होते. ताटात तांदूळ, दोन चॉकलेटं, एक बिस्किटाचा पुडा. वरच्या मजल्यावरच्या बाई कठड्यावरून वाकून हसत म्हणाल्या, "काय हो, तुमच्याकडं मुलांना मागायला शिकवतात वाटतं?"

त्या थट्टेनं बोलल्या होत्या. मीही हसलो. मग घरात येऊन ताटातला बैल उचलला आणि न्हाणीघरातल्या पाण्याच्या बादलीत टाकला. कच्च्या मातीचा तो. शिंगं आधी विरघळली. स्नेहानं टाहो फोडला. आक्का आतून धावत आली आणि मी तिला म्हणालो, "तुझी मागायची सवय माझ्या पोरीला लावू नकोस. पंधरा दिवस मला दारोदार फिरवलंस, ते काय मला कळत नव्हतं?"

सुमन दारात उभी होती. स्नेहा रडायची थांबली होती. आक्कानं बादलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"म्हंजे तुला ठाव व्हतं?" ती म्हणाली.

एवढंच. रागानं नाही. पंचवीस वर्षं तिला वाटत होतं, आपण त्या दिवसांतून निदान तम्माला तरी कोरडं बाहेर काढलं. ते मी एका वाक्यात काढून घेतलं. आणि उरलेलं वाक्य, की मला ठाव होतं तरी तू होतीस म्हणून मी खरंच खेळत होतो, लाज मला तेव्हा नाही वाटली, ती इथं पुण्यात येऊन वाटायला लागली, ते काही माझ्या तोंडून निघालं नाही.

सकाळी तिनं बादलीतलं गढूळ पाणी गॅलरीतल्या तुळशीला घातलं. स्टँडवर गाडीत बसताना म्हणाली, "पोरीला वरडू नकोस." पुन्हा ती पुण्याला आली नाही. सुमननंही त्या पंधरा दिवसांबद्दल मला कधी विचारलं नाही. मात्र दर अमावस्येला आक्काला ती स्वतः फोन करायची. आधी शेजारच्या घरी, मग मोबाईलवर.

बैल दर वर्षी येत राहिले. गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती, कडब्यात गुंडाळून. फक्त जोडी. दोन्ही धड, चारी पायांवर नीट उभे. पहिल्या वर्षी स्नेहानं कडबा उलटापालटा केला. "लंगडा कुठाय?" मी म्हणालो, "आत्या विसरली असेल." दुसऱ्या वर्षी तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्या वर्षी नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मी गावी जायचो, दोन दिवस राहायचो, आक्काच्या हातची भाकरी खायचो, आणि उरलेलं ते वाक्य तसंच परत घेऊन यायचो. मग एका वर्षी बैल आले नाहीत. फोनवर आक्का म्हणाली, "बोटं वाकडी झाल्यात रं. माती धरंना." मी रजा टाकली आणि अमावस्येच्या दिवशी आळंदहून जीपनं गावी पोचलो.

ती ओसरीवर बसली होती. पुढं भिजवलेली माती तयार. माझी चाहूल लागताच म्हणाली, "आलास? घे, लाग कामाला."

मी बसलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पॅन्ट वर खोचून. न सांगता आधी लंगडा करायला घेतला. तो पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. मान खाली घालून मी सुरुवात केली, "आक्का, त्या दिवशी पुण्याला मी..."

"हात चालव," ती म्हणाली. "माती वाळायलीय."

तिसऱ्यांदा पडला तेव्हा तिनं वाकड्या बोटांनी चिमूटभर माती घेऊन त्याच्या मागच्या अंगाला दाबली. शेपूट खाली ओढलं. बैल उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सूप माझ्यापुढं सरकवलं. "जा. दोन घरं फिरून ये."

"मी?"

"मग कोण? गल्लीत पोरं हायती कुठं आता?"

सूप घेऊन मी बाहेर पडलो. पहिल्या दारात एक म्हातारी तूर पाखडत होती. मी मागं वळून बघितलं. ओसरीवर आक्का कानामागं हात धरून बसली होती. आणि मग मी ओरडलो. आठ वर्षांचा असताना ओरडायचो तसा, तिला ऐकू जावं म्हणून. "लंगडा आलाय दारी, घाला मूठभर ज्वारी!" म्हातारी दचकली, मग तोंडाला पदर लावून हसली आणि ओंजळभर ज्वारी घेऊन आली. दुसऱ्या दारातही ओरडलो.

परत आलो. आक्कानं सुपात बोटं फिरवून दोन खडे वेचून टाकले. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आवाज तसाच हाय की रं तम्मा." मग म्हणाली, "तवाबी मला वाटायचं, हे पोरगं इतकं कामून वरडायलंय."

ती ज्वारी निवडत राहिली. मग सूप पुन्हा माझ्याकडं सरकवलं.

"दोनच घरं व्हय? मी ऐकायलेय न्हवं का."

तिसऱ्या घराला कुलूप होतं. घरचे सगळे पुण्याला. मी त्या दारासमोर उभा राहिलो आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडलो.