कांद्याच्या टरफलांचा रंग

लोकरीची ओली लडी रंगाच्या पातेल्यातून काढली की मावशी आधी लडीचं टोक आपल्या पांढऱ्या पदरावर चोळायची. मग पदर उजेडात धरून समोर असेल त्याला विचारायची, "बघा, लागला का?" लागलेला नसायचा. "मग झाला," म्हणत ती लडी दोरीवर टाकायची.

भिंगारमध्ये ती आमच्या शेजारी राहायची. अख्खी आळी तिला मावशी म्हणायची. विणणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील, पण मावशी पांढरी लोकर आणून घरीच रंगवायची. डाळिंबाच्या साली बाजारातल्या रसवाल्याकडच्या, कांद्याची टरफलं आमच्याकडची. माझी बायको टरफलं टाकायला निघाली की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "अगं, माझं सोनं कुठं निघालं?"

मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायचो. रंग पक्का व्हायला ती तुरटी घालायची, तेव्हा मी छेडायचो.

"मावशी, माप काय?"

"चिमूट."

"किती ग्रॅमची?"

"माझ्या बोटांत मावल तेवढी. तुमचा हात मोठा हाय सर, तुमी घालू नका."

तिने मला टरफलांच्या सोनेरी रंगाचा स्वेटर विणून दिला. बजावलं, "गार पान्यात धुवा, रिठ्यानं." बायको माहेरी देवळाली प्रवरेला गेली असताना मी त्यावर चहा सांडला. डाग जावा म्हणून उकळत्या पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून स्वेटर भिजवला. बाहेर काढला तेव्हा तो मळकट तपकिरी झाला होता, आटलाही होता.

रसायनशास्त्राच्या मास्तराने अशी चूक करावी, हे मला कबूल करवेना. आळीतल्या ओट्यावर बसणाऱ्या बायकांनी स्वेटरचं विचारलं, तेव्हा म्हणालो, "घरगुती रंग. पहिल्याच पाण्यात उतरला."

सर सांगतात म्हणजे खरंच असणार. एरवी मावशीकडून विणून घेणाऱ्या आळीने त्या थंडीत बाजारातून तयार स्वेटर आणले.

मावशी घरी आली. स्वेटर मागून घेतला, बोटांनी चाचपला, नाकाशी नेला.

"गरम पान्यात तर न्हाई ना टाकला, सर?"

"नाही."

"मग माझंच कायतरी चुकलं असंल."

महिन्याभराने तिने त्याच रंगाचा मफलर आणून दिला. बायका ओट्यावर होत्या. मावशी माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "ह्यात सोडा घालू नका."

सोड्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तिला सगळं कळलं होतं, आणि चार जणींत माझी मान खाली जाऊ नये म्हणून ती हळू बोलली होती. मी फक्त "बरं" म्हणालो.

पुढे कुणी स्वेटरचं विचारलं तर ती हसून सांगायची, "आता माझा रंग बसत न्हाई नीट." मी ते ऐकायचो. अशी कैक वर्षं गेली.

गेल्या पावसाळ्यात मावशी वारली. बसायला आलेल्या बायका म्हणत होत्या, "हात लई चांगला हुता, पण रंग उतरायचा." तेव्हाही माझी जीभ उचलली नाही.

काल मी मफलर गार पाण्यात धुतला आणि तसाच ओला घेऊन ओट्यावर गेलो. बायकांसमोर त्याचं टोक माझ्या पांढऱ्या रुमालावर जोर लावून चोळलं. रुमाल पुढे धरला.

"बघा, लागला का?"

एकीने तो उलटसुलट करून पाहिला. "न्हाई की, सर."

मग मी त्यांच्याशेजारी बसलो आणि सोड्याचं सांगितलं.