हाकेला ओ

तुमच्या सहलीचे फोटो पाहिले. एवढा मोठा धबधबा, आणि त्याच्यासमोर कठड्याला टेकून तुम्ही दोघं हसताय. "आजी, तुमच्याकडं असं काही होतं का?" असं धाकटीनं विचारलं आहे. होतं, पण बारा महिने नव्हे. तुळजापूरच्या अलीकडं, बालाघाटाच्या डोंगराखाली आमचं गाव. पाऊस चांगला झाला की तिथं कड्यांवरून पाणी पडायचं आणि दसऱ्याच्या सुमारास आटून जायचं. त्याला धबधबा कुणी म्हणत नसे, नुसती 'धार' म्हणत. अशा धारा शोधत मी एकदाच हिंडले, आईबरोबर. क्रमानं सांगते.

निजामाच्या राज्याची शेवटची काही वर्षं होती. वडील सरकारी शाळेत मास्तर होते, उर्दूतून शिकवत. घरात ते, आई, माझी आजी, मी आणि माझी दीड वर्षांची बहीण. भाद्रपदात बहिणीला हगवण आणि उलट्या लागल्या. वैद्यांनी पुडी दिली आणि पाणी बंद करायला सांगितलं. तेव्हा सगळीकडं तसंच करत. पोट वाहत असलेल्या लेकराला पाणी द्यायचं नाही. माठावरचं झाकण वाजलं की ती त्या आवाजाकडं मान वळवायची. पुढं पुढं तिचं रडणं कोरडं झालं, डोळ्यांतून पाणी येईना.

दवाखाना धाराशिवला. त्या साली गावातल्या बैलांना लाळ-खुरकूत लागली होती, जुंपायला एक बैल धड नव्हता. वडील उजाडायच्या आत बेंबळीला चालत गेले, कुणाची दमणी मिळते का पाहायला. दमणी म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी.

ते गेल्यावर आजी आईला म्हणाली, "मुकं पाणी आण. दुसरं काय आपल्या हातात न्हाय आता."

"तिला टाकून कशी जाऊ मी?"

"मी हाय की. बसून रडून काय व्हणार? ऊठ."

मुकं पाणी म्हणजे कड्यावरून पडतं पाणी कळशीत झेलायचं. जमिनीला टेकलेलं चालत नाही. घरातून निघाल्यापासून त्या पाण्याचं बोट लेकराच्या ओठाला लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, कारण ओ दिली की दुखणं त्या आवाजामागं घरात परत येतं. आमच्या गावातल्या बायांचा यावर पक्का विश्वास होता.

"पोरीला संगं ने," आजी म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. "आन् तू गं, जीभ आवर. तुझी कैची लई चालती."

आम्ही निघालो. पहिला कडा गावामागंच होता. श्रावणात तिथं पाणी पडताना मी पाहिलं होतं. आता दगडावर नुसता काळा ओला पट्टा राहिला होता. आईनं त्याला तळवा लावला, तळवा पाहिला आणि पुढं निघाली.

दुसऱ्या कड्यावर शेवाळातून थेंब गळत होते. आईनं खाली कळशी धरली. थेंब कळशीच्या तळाशी टप् वाजायचा आणि मग बराच वेळ काहीच नाही. खाली डोह भरलेला होता, तळाचे खडे दिसावेत इतका नितळ. मी डोहाकडं बोट केलं. आईनं मान हलवली. ते जमिनीला टेकलेलं पाणी होतं. ती तशीच वाकून उभी राहिली. मग तिनं कळशी उचलली आणि डोंगराच्या वरच्या अंगाला पाहिलं. तिला पुढची वाट माहीत नव्हती. मलाही नव्हती.

धार शोधायची तर ओढ्याच्या अंगानं वर जायचं, एवढंच कळत होतं. दोन ओढे वर जाऊन कोरडे निघाले. बोरीच्या काट्यांनी आईचं लुगडं फाटलं. ती पळायची, थांबायची, ऐकायची. सांगता येत नव्हतं, विचारता येत नव्हतं. शेवटी डोंगरापलीकडं एका घळीत पाण्याचा आवाज आला. कड्यावरून सुतासारखी धार पडत होती आणि वारा तिला हलवत होता. आई कळशी घेऊन त्या धारेच्या मागं इकडून तिकडं सरकत होती. मी खालचं पाणी ओंजळीनं प्याले. खरं सांगते, त्या वेळी मला आनंद झाला होता.

कळशी अर्धी झाली असेल, तेव्हा वरच्या माथ्यावरून वडिलांची हाक आली.

पाण्याच्या आवाजात शब्द कळत नव्हते. माझं नाव तेवढं कळलं. कड्याच्या आडोशामुळं आम्ही त्यांना दिसत नव्हतो. मी तोंड उघडलं, तोच आईनं एका हातानं ते दाबून धरलं. दुसऱ्या हातातली कळशी तशीच धारेखाली होती. मी तिच्याकडं पाहिलं. तिचे डोळे माथ्याकडं लागले होते आणि ती ओठ दातांखाली चावत होती. तिला काय वाटलं असेल? बाळ गेलं, हे सांगायला आले असतील? की बरं आहे म्हणून? ओ दिली तर इतक्या वणवणीवर पाणी पडणार होतं, आणि दुसरी धार कुठंच नव्हती.

वडिलांचा आवाज चिरकला. मग लांब गेला. मग आलाच नाही.

घरी आलो तर दाराला कडी. शेजारच्या चाची धावत आल्या.

"या अल्ला! कुठं व्हता बाई तुमी? मास्तर घसा फुटस्तोवर वरडले! बेंबळीची दमणी घेऊन आले व्हते. अंगावरचं लेकरू, माय पायजे म्हून डोंगरभर हुडकलं तुमाला. आता गेले लेकराला घेऊन धाराशिवला. सासूबाई बी गेल्या." आई दाराच्या कडीकडं पाहत होती. "अवो, बोला की कायतरी!"

आईनं कळशी खाली टेकवली नाही. तशीच वळली आणि धाराशिवच्या वाटेला लागली.

काळ्या मातीचा चिखल पायांना ओढत होता. कळशीच्या तोंडावर पंजा धरून ती पळत होती. मी रडत मागं. ओढ्याच्या उतारावर दमणी दिसली, चाक रुतलं होतं. वडील चाकाला खांदा लावून उभे होते. आम्हाला पाहून म्हणाले, "हाका ऐकू आल्या नाहीत?"

आईनं बोट बुडवलं आणि आजीच्या मांडीवरच्या बाळाच्या ओठाला लावलं. बाळानं ते बोट ओठांत धरलं आणि चोखायला लागलं.

"आल्या," आई म्हणाली.

मग आजीला विचारलं, "अजून देऊ का?"

"एक बोटच. पाणी बंद हाय."

चाक निघालं. आईनं बाळाला छातीशी धरलं, पण दूध ओढायची ताकद बाळात उरली नव्हती. कळशी आईच्या पायाशी होती. गाडी हिंदकळली की पाणी हलायचं, आणि बहीण त्या आवाजाकडं मान वळवायची. नंतर वळवेनाशी झाली. धाराशिवच्या अलीकडंच ती गेली.

पुढं मी हैदराबादला इंग्रजीतून डॉक्टरकी शिकले. उकळून निववलेलं पाणी, चिमूटभर मीठ, मूठभर साखर, थोडं थोडं पाजत राहायचं, हे मी नंतर कितीतरी आयांना सांगितलं. माझ्या आईला कधी सांगितलं नाही. आमच्या घरातला माठ त्या दिवशी भरलेला होता.

त्यानंतर आई कुणाच्याही हाकेला ओ द्यायची. पिठात हात असोत, अंगावर पाणी घेत असो, बोळात कुणी दुसऱ्याच कुणाला हाक मारलेली असो, आतून तिची "ओ" यायचीच. वडिलांनी मात्र तिला पुन्हा कधी लांबून हाक मारली नाही. काही सांगायचं असलं की ते उठून तिच्याजवळ जायचे आणि मग बोलायचे.

फोटोत तुमच्या मागं पाणी फार मोठ्यानं पडत असणार. तिथं कुणी हाक मारली तर आधी ओ द्या. फोटो मग काढा.