गुलाबी झालेला झेंडा

आमच्या ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, दुकानात गिऱ्हाईक ‘मॅडम’ म्हणतं, घरात सगळे ‘ताई’ म्हणतात आणि फुटबॉलच्या मैदानावर पूर्वेकडच्या गॅलरीत झाडून सारे ‘कॅप्टन’ म्हणतात. तिन्ही ठिकाणी त्यांचा आवाज एकच. हळू बोलणं देवाने त्यांना दिलेलंच नाही. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “काजं करता येतात का तुला?”

मी हो म्हटलं.

“आणि ऑफसाइड कळतं?”

मी नाही म्हटलं.

“मग निम्मी पास,” म्हणाल्या आणि मला शेजारच्या मशीनवर बसवलं. आज इतकी वर्षं झाली, मी तिथेच आहे. ऑफसाइड अजून नीटसं कळत नाही.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. पुढे दोन मशिनी, मध्ये कापायचं टेबल, मागे मोरी आणि तिथून गच्चीवर जायचा जिना. सकाळी शटर वर केलं की मी हात जोडून मशीनला नमस्कार करते. ताई त्याच वेळी रेडिओवर खेळाच्या बातम्या लावतात. “तू वरच्याला सांग,” म्हणतात, “मी खालचं बघते.” पण संघाचा सामना असला की जाताना वळून म्हणतात, “आज आमचंही नाव घे हो जरा.”

आमचा संघ लाल-पांढरा. पलीकडच्या शहराचा गुलाबी. हे लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण त्या गुलाबीमुळेच झालं.

गॅलरीतला मोठा झेंडा ताई शिवतात. दर मोसमाला नवा, आणि इतका मोठा की धरायला तीन रांगा उभ्या राहतात. पांढरा मांजरपाट कुठूनही येतो, पण लाल कापड एकाच दुकानातून, मीटरकाकांकडून. मीटरकाका म्हणजे चौकातले कापडवाले. त्यांच्याकडे लाकडी मीटरपट्टी आहे, कडा घासून गोल झालेली. तीच घेऊन ते मैदानावर यायचे आणि ताईंनी शिट्टी फुंकली की पट्टी हवेत फिरवून सगळ्या गॅलरीला घोषणा द्यायला लावायचे. शिट्टी ताईंची, ताल काकांचा. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. लाल कापड आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायचं, मग निवळ पाणी येईपर्यंत खळबळायचं, वाळवायचं आणि मगच कात्री लावायची. गेल्या मोसमात गुलाबीवाल्यांशी सामना अचानक ठरल्या तारखेच्या अलीकडे घेतला. मी तेव्हा आईच्या आजारपणासाठी माहेरी होते. आभाळ भरलेलं, कापड वाळायची खात्री नाही, आणि झेंड्याशिवाय जायचं तर गॅलरीत तोंड कसं दाखवायचं? ताईंनी कापड न भिजवता शिवलं. हे मला फार नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. गोष्ट रंगवायची म्हणून लपवून ठेवणं मला जमत नाही.

व्हायचं तेच झालं. ऐन सामन्यात पाऊस आला, लाल रंग पांढऱ्यात उतरला आणि आमच्या गॅलरीवर भलामोठा गुलाबी झेंडा फडकू लागला. समोरच्या गुलाबीवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. टीव्हीने तो तीनदा दाखवला. आम्ही चार गोलांनी हरलो ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

बाहेर पडताना सगळ्यांनी ताईंना घेरलं. आणि त्या गर्दीत त्यांच्या तोंडून गेलं, “कापडच कच्च्या रंगाचं निघालं, मी काय करू?”

बस्स. एवढंच वाक्य. पुढचं लोकांनी केलं. मीटरकाकांना म्हटलं, गॅलरीचा बिल्ला द्या परत. काका म्हणाले, “माझ्या कापडात दोष नाही.” एकदाच म्हणाले. मग छातीवरचा लाल बिल्ला काढून कठड्यावर ठेवला आणि गेले. त्यानंतर गॅलरीत आले नाहीत. लाल कापडही आम्ही दुसरीकडून आणू लागलो.

मोसम सरत आला तसा संघही घसरला. शेवटून पहिला. एक सामना उरलेला असतानाच खालच्या गटात जाणार हे नक्की झालं. मग संघाचे मालक टीव्हीवर आले. सुटाबुटात, मान खाली घालून म्हणाले, “या अपयशाची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.” आणि दुसऱ्या दिवशी कोचला काढून टाकलं.

रविवारी सगळी मंडळी आमच्या दुकानात जमली. शेवटच्या सामन्याला मालकांसाठी कापडी फलक शिवायचा होता आणि त्यावर काय लिहायचं याचा वाद होता. मास्तर कापायच्या टेबलावर चढून बसले. ते शाळेत इतिहास शिकवतात. ड्रायव्हर दारात उभा होता. तो शहर बस चालवतो आणि बसायची जागा मिळाली तरी उभाच राहतो, म्हणतो दिवसभर बसूनच असतो. माझे यजमान कोपऱ्यात चहा गाळत होते.

“‘मालक, आम्ही तुमच्यासोबत’ असं लिहा,” मास्तर म्हणाले. “एवढा मोठा माणूस, साऱ्या जगासमोर जबाबदारी माझी म्हणाला. आणखी काय करायला हवं? अंगठे धरून उभं राहायचं?”

“मास्तर, जबाबदारी घेतली म्हणजे नेमकं काय घेतलं हो?” ड्रायव्हर म्हणाला. “पिशवीत घालून घरी नेली? नोकरी गेली कोचची!”

“निकाल वाईट लागला की कोच जातोच. ही रीत आहे.”

“वा रे रीत! उद्या मी बस ठोकली, आणि टीव्हीवर येऊन म्हटलं, सगळी जबाबदारी माझी, आणि कंडक्टरला घरी पाठवलं, तर चालेल?”

“तुला टीव्हीवर घेईल कोण?” यजमान म्हणाले.

हशा पिकला. ड्रायव्हरही हसला, पण मुद्दा सोडेना. “खेळाडू विकले कुणी? यांनी. कोच नको म्हणत होता तो गोलकीपर आणला कुणी? यांनी. मग ज्याचं काम चुकलं त्याचं काही जायला नको? काहीतरी सोडा की! पहिल्या रांगेतली ती सोफ्याची खुर्ची तरी सोडा!”

“कॅप्टन, तुम्ही सांगा,” मास्तर ताईंकडे वळले. “तुमचा शब्द शेवटचा.”

ताईंनी पाय थांबवले, मशीन थांबली. “यात सांगायचं काय? तोंडाने माझी आणि हाताने दुसऱ्याची, याला जबाबदारी घेणं म्हणत नाहीत. कोचला परत बोलवा, मग मानू. हेच लिहायचं. मोठ्या अक्षरात. लाल.”

“ठरलं!” ड्रायव्हरने चौकटीवर थाप मारली. “फक्त लाल कापड मीटरकडून नको हं, कॅप्टन. नाहीतर मालकांना वाटायचं, आपण गुलाबीवाल्यांना जाऊन मिळालो!”

सगळी खोली खदखदली. मास्तरांच्या हातातला चहा सांडला. फक्त ताई हसल्या नाहीत. त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा ओवलेलाच होता.

मंडळी गेल्यावर मी कपबशा विसळत होते. ताई मोरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या. कापड भिजवलं नव्हतं, म्हणाल्या.

मी नळ बंद केला. मग म्हटलं, “ताई, देवाला माहीतच होतं. आता माणसांना सांगायचं राहिलंय.”

“तुझा देव बोलत नाही ते बरं आहे,” त्या म्हणाल्या. “माझी गॅलरी बोलते.” मग म्हणाल्या, “उद्या माझ्याबरोबर चल.”

मीटरकाकांचं दुकान उघडून थोडाच वेळ झाला होता. ते तागे लावत होते. आम्हाला पाहून पट्टी उचलली. “बोला, किती फाडू?”

“काका, तेव्हा लाल कापड मी भिजवलंच नव्हतं.” ताईंचा आवाज पुन्हा नेहमीचा, खणखणीत. शेजारच्या चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा वळून बघायला लागलं.

“माहीत आहे,” काका म्हणाले. “माझं कापड मला ओळखता येत नाही की काय?”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो की एकदा. कुणी ऐकलं नाही. पुन्हा पुन्हा ओरडून सांगायला मी काय भाजी विकतो?”

“मी चुकले, काका.”

काकांनी पट्टी ताग्यावर आडवी ठेवली. “हे मला सांगून काय फायदा, बाई? मला तर पहिल्यापासून ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा. आणि आता मधून सरका, गिऱ्हाईक आहे.”

गिऱ्हाईक कुणी नव्हतं. आम्ही सरकलो.

मला वाटलं होतं, वाटेत ताई कचरतील. त्यांच्यापुढे काय होतं ते मला दिसत होतं. गॅलरी म्हणजे त्यांचं दुसरं घर. धाकट्या भावंडांना वाढवण्यात स्वतःचा संसार राहून गेला, पण तिथे शेकडो माणसं त्यांच्या एका शिट्टीवर उठतात. तीच माणसं उद्या म्हणाली, कॅप्टन खोटी, तर? मी विचारलंही. त्यांनी पदर खोचला. “म्हणू देत. खोटं बोलल्यावर खोटीच म्हणणार. पण मालकासारखी जबाबदारी मी घेणार नाही. माझी वीण उसवायची तर मीच उसवीन.”

शेवटच्या सामन्याला फलक नव्हताच. ताईंनी काखोटीला गाठोडं मारलं होतं. गॅलरीत पोचल्यावर त्या बाकावर चढल्या, शिट्टी फुंकली आणि गाठोडं सोडलं. तो गुलाबी झेंडा! लोक ओरडले, कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी म्हणालं, कॅप्टनचं डोकं फिरलं.

“ऐका!” ताई म्हणाल्या. “हा झेंडा माझ्यामुळे गुलाबी झाला. घाईत कापड भिजवलं नाही, आणि नाव मीटरकाकांचं घेतलं. त्यांचा बिल्ला तुम्ही घेतलात तो माझ्या खोटेपणामुळे. हा घ्या माझा.” छातीवरचा बिल्ला काढून त्यांनी कठड्यावर ठेवला, बरोबर तिथेच. शेजारी शिट्टी ठेवली. मग झेंड्याची घडी करून पायऱ्या चढल्या आणि सगळ्यात वरच्या रांगेत, खांबाआड जाऊन बसल्या. तिथून अर्धंच मैदान दिसतं. मी त्यांच्या शेजारी बसले.

खाली एकदम गलका. ड्रायव्हर म्हणाला, “आपल्याला गाढव बनवलं!” मास्तर म्हणाले, “पण कबूल केलं ना! स्वतः खुर्ची सोडली ना! तुझंच म्हणणं होतं, काहीतरी सोडायला हवं!” ड्रायव्हर म्हणाला, “ते मालकाबद्दल होतं!” मास्तर म्हणाले, “मग नियम काय माणूस बघून बदलतोस?” सामना सुरू झाला तरी दोघांचं चालूच. ताई ऐकत होत्या. म्हणाल्या, “छान भांडतायत. पण घोषणा कोण देणार? मेली गॅलरी मुकी झालीय.”

उत्तरार्धात शेवटी ड्रायव्हर गॅलरीतून निघून गेला. मला वाटलं, रागावून गेला. थोड्या वेळाने परत आला तो मीटरकाकांना घेऊन. काका दुकानाच्याच कपड्यांत, हातात पट्टी. कठड्यापाशी उभे राहिले. दोन्ही बिल्ले तिथे होते. काकांचा जुना कुणीतरी इतके दिवस सांभाळला होता. ड्रायव्हरने शिट्टी पुढे केली. काकांनी नको म्हणून मान हलवली आणि पट्टी हवेत उचलली. गॅलरी उठली. तो सामना आम्ही जिंकलो, पण खालच्या गटात जायचं काही टळलं नाही.

कोचला मालकांनी परत बोलावलं नाही. त्यांनी जबाबदारी घेतली की नाही यावर आमच्या दुकानात अजून भांडणं होतात आणि मास्तर दर वेळी टेबलावरच बसतात.

ताई पुढचा अर्धा मोसम खांबाआड बसल्या. कुणी बोलवायला आलं तरी खाली गेल्या नाहीत. नव्या झेंड्याचं लाल कापड घ्यायला गेलो तेव्हा काकांनी एकच अट घातली. भिजवताना मी समोर बसणार, म्हणाले. आमच्या मोरीपाशी स्टूल टाकून ते बसले. ताई बादल्या उपसत होत्या, मी खळबळत होते. काका प्रत्येक पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरायचे. “अजून,” म्हणायचे. “अजून.” ताईंची कंबर मोडायला आली. पण तोंडातून ब्र नाही काढला, आणि ताईंच्या बाबतीत ही केवढी गोष्ट आहे हे घरातल्या माणसालाच कळेल.

शेवटी काकांनी ग्लास धरला, फिरवला, पुन्हा पाहिला. पाणी नितळ होतं.

“आता वाळवा आणि फाडा,” ते म्हणाले. “आणि कॅप्टन, शिट्टीचं तेवढं बघा. तो ड्रायव्हर फुंकतो, बस सुटल्यासारखी वाटते.”