ऐकू आलं की बटण दाबा

दवाखान्यात कान तपासणाऱ्या बाईंना कामगार आपसात फौजदारीण म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. म्हणोत बापडे! काचेच्या बंद खोलीत माणूस हेडफोन लावून बसतो, बाहेरून बाई यंत्रावर बारीक शिट्टी सोडतात, ऐकू आली की त्यानं बटण दाबायचं. एवढं सोपं काम. पण हलकी ड्युटी मिळावी म्हणून बहिरेपणाचं सोंग घेणारे का थोडे होते? बाईंचं म्हणणं असं, की खरं बोलायला डोक्याला काडीचे कष्ट नाहीत. खोट्यासाठी मात्र आधी खरं दाबून धरायचं, मग काय करायचं ते ठरवायचं, वर चेहराही सांभाळायचा. या ओढाताणीत पापणी हलतेच. हलली की बाई हेडफोनमध्ये हळूच म्हणत, "झालं हो तुमचं, निघा आता." आणि ठार बहिरा गडी टुणकन उठायचा!

पण या कामापायी एक वाईट खोड लागली. ट्रॅफिकमुळे उशीर झाला म्हणणारा नवरा, पोट दुखतंय म्हणणारी लेक, बाई सगळ्यांच्या पापण्या बघत बसायच्या. यातून एक दादा तेवढा सुटला होता. वडील गेल्यावर शाळा सोडून कारखान्यात लागलेला, बहिणीला शिकवून क्रेनवर केस पांढरे केलेला थोरला भाऊ.

तोच एका सकाळी फॉर्म घेऊन दारात उभा. क्रेनचा परवाना पुन्हा मिळवायला कानांचा दाखला हवा होता. "घरचं माणूस असताना परक्याकडे कशाला जाऊ?" म्हणाला. कारखान्याजवळचे दोन दवाखाने सोडून हा इतक्या लांब का आला, अशी शंका बाईंना आलीच.

तपासणी झकास चालली. शिट्टी गेली की बटण, शिट्टी गेली की बटण. फारच झकास! मग बाईंच्या लक्षात आलं, दादाची नजर काचेतून त्यांच्या खांद्यावर होती. शिट्टी सोडताना खांदा जरासा हलतो. त्यांनी आवाज बंद केला आणि नुसताच खांदा हलवला. दादानं बटण दाबलं.

आवाज पुन्हा वाढवून, तोंडासमोर कागद धरून बाई माइकमध्ये म्हणाल्या, "दादा, आता बटण दाबू नकोस." आणि खांदा हलवला. दादानं हसत बटण दाबलं.

म्हणजे परवा जेवताना बाईंच्या विनोदावर तो हसला, ते न ऐकताच? किती दिवस फसवतोय हा? त्याच्या क्रेनखाली वीस माणसं राबतात. कुणी "थांब" म्हणून ओरडलं तर? त्याच्या निवृत्तीला तीनच वर्षं उरली होती. 'योग्य'च्या चौकटीवर पेन कितीतरी वेळ रेंगाळलं. मग रडू आवरत त्यांनी 'अयोग्य'वर खूण केली.

दादा बाहेर आला. "पास ना?"

बाईंनी त्याच्यासमोर तोंड करून सावकाश सांगितलं, "नाही, दादा."

तो खुर्चीत बसला. "तू पकडशील म्हणूनच आलो," म्हणाला. "माझ्या तोंडून सांगवेना."

हे खरं, की पकडला गेल्यावर सुचलेलं? त्याच्या पापण्यांकडे बघितलं असतं, तर बाईंना तेव्हाच कळलं असतं. त्यांनी मान खाली घातली आणि फॉर्मवर सही केली.