नवागामहून सोजरबाई

सोजरबाईंचा फोन आला की मनहरभाई आधी आवाजाची खुंटी खाली ओढायचे आणि मगच मला खूण करायचे. बाईंचा आवाज होताच तसा. जसाच्या तसा सोडला असता तर निम्म्या सुरतेच्या रेडिओंनी राम म्हटला असता! मनहरभाई म्हणजे आमच्या रेडिओ केंद्रावरचे इंजिनिअर. काचेपलीकडे बसत. तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी इतका अबोल माणूस. दोन मिनिटं झाली की मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवत. म्हणजे फोन बंद करा, बेन. आमचं बोलणं काय ते एवढंच.

मी तिथे रोजंदारीवरची निवेदिका होते. नव्वदच्या दशकात रेडिओवर थेट फोन घ्यायची नवलाई होती, आणि 'शेरीनी वात' हा आमचा गुरुवारच्या सकाळचा कार्यक्रम. शेरी म्हणजे गुजरातीत गल्ली. लोकांनी फोन करायचा, नाव सांगायचं, गल्ली सांगायची, गाऱ्हाणं मांडायचं, आभार मानून ठेवून द्यायचा. दिवे, गटारं, बसथांबे, कुत्री. सगळं गुजरातीत. मी सुरतेतल्याच उधन्याची मराठी मुलगी, पण माइकसमोर बसले की अशी गुजराती बोलायचे की आडनाव सांगितल्यावर लोक चाट पडत. लोकही शहाणे झाले होते, दोन मिनिटांत सगळं उरकत. एका सोजरबाई सोडून.

पहिला फोन मला अजून आठवतो. "बेन, हुं नवागामथी सोजरबाई. केम छो? घेर बधा सारा छे ने?"

मी म्हटलं, हो, सगळे मजेत, तुमचा प्रश्न सांगा.

"घेर कोण कोण छे?"

आता याला काय म्हणावं? मी गडबडले आणि खरं तेच बोलून गेले, घरी आई आहे. तर म्हणे आईला कसं आहे? माझ्या तोंडून निघालं, गुडघे दुखतात. झालं! तापी ते खाडी, सगळ्या शहराला माझ्या आईचे गुडघे ठाऊक झाले. मग बाईंनी अर्धी गुजराती, अर्धी अहिराणी अशा भाषेत एरंडाचं पान कसं शेकायचं, तेल कुठलं लावायचं, कापड किती घट्ट बांधायचं, हे सगळं सावकाश समजावून सांगितलं. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता, "सोजरमाय, नळनं बोल! नळनं बोल वं!" तेवढ्यात मनहरभाईंचं बोट घड्याळावर गेलं आणि मी फोन बंद केला. नळ राहिला तो राहिलाच.

घरी आले तर आई एरंडाचं पान बांधून बसलेली. म्हणाली, "कोण गं ती? किती मायेनं विचारत होती! तू विचारतेस का कधी?"

नळाचं प्रकरण मला कळलं ते गोपाळभाऊंकडून. नवागामच्या त्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं पीसीओचं बूथ होतं, सोजरबाई तिथूनच फोन लावत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी केंद्रात फोन केला. "ताई, रेडिओवर बोलायचं म्हटलं की माझी बोबडी वळते, म्हणून आत्ता सांगतो. आमच्याकडे नळ रेल्वेच्या रुळांपलीकडे आहे. मालगाडी उभी असली की बाया हंडे घेऊन डब्यांखालून वाकून जातात. गाडी कधी हलेल त्याचा नेम नाही. सोजरमायची सून पोटुशी आहे, तीसुद्धा जाते. माय नको म्हणते, पण पाणी तर लागतंच ना. तुम्ही मायला आधीच अडवा. ती एकदा घरचं विचारायला लागली की संपलं."

त्यानंतर मी अगदी चंगच बांधला. गुरुवार आला की फोन हवेवर घ्यायच्या आधी मी दबक्या आवाजात, गुजरातीतच, बजावायचे, "मावशी, आज आधी नळ. आईचं मी नंतर सांगेन." त्या म्हणायच्या, "हाव, हाव." आणि लाल दिवा लागला की पुन्हा तेच, बेन केम छो, बाना गुडघा केम छे! एकदा तर मी इतकी वैतागले की सगळ्या शहरादेखत माझ्या तोंडून मराठीत "अगं बाई!" निघून गेलं.

त्या पलीकडून ओरडल्याच, "अवं माय! तू आपलीच शे का वं?"

त्या दिवशीची उरलेली सगळी मिनिटं माझं घराणं कुठलं, गाव कुठलं, आजोळ कुठलं यात गेली. मागच्या बायका कपाळाला हात लावून बसल्या असणार. मनहरभाई काचेपलीकडे हसत होते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. कार्यक्रमाचे साहेब मात्र हसले नाहीत. "त्या बाईंना यापुढे घेऊ नका, वेळ फुकट जातो," म्हणाले. मी बरं म्हटलं आणि पुढच्या गुरुवारी घेतलं.

एकदा मी त्यांना कार्यक्रमाबाहेर फोनवरच झापलं. म्हटलं, "मावशी, तुमची सून डब्याखालून जाते आणि तुम्ही माझ्या आईच्या गुडघ्यांचं काय घेऊन बसलात?" त्यावर त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "माय, कोनाना घर गये ते पहिले घरनं इचारनं पडस, मंग आपलं सांगनं पडस. रेडिओ काय तुनं घर नही का?"

कुणाच्याही घरी गेलं तर आधी त्या घरचं विचारायचं, मग आपलं सांगायचं. खानदेशातून येताना बाईंनी आणलेला हा शिरस्ता होता आणि दोन मिनिटांचा रेडिओ काही त्यात बसत नव्हता. बाई आपली रीत सोडायला तयार नाहीत, मनहरभाई घड्याळ सोडायला तयार नाहीत. मध्ये मी. आणि रोज सकाळी त्या बाया डब्यांखाली वाकताहेत, हे सारखं डोळ्यांपुढे.

आमच्या आईची मात्र चंगळ होती. गुरुवारी सकाळी केस विंचरून, लुगडं नीट करून रेडिओपाशी बसायची. जणू कुणी भेटायलाच येणार आहे. सोजरबाईंनी गुडघ्यांचं विचारलं की इकडे स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची, "आज बरं आहे हो! काल जिना चढले!" शेजारच्या काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. गुडघ्यांमुळे आई घराबाहेर पडत नव्हती आणि मी दिवसभर बाहेर. तिला नावानिशी विचारणारी सगळ्या सुरतेत एकच बाई होती, आणि तिला आम्ही दोघींनीही पाहिलेलं नव्हतं.

त्या थंडीत आई गेली. फार दुखणं नाही, काही नाही. झोपेतच गेली. दिवस-कार्य आटोपून मी कामावर रुजू झाले तो नेमका गुरुवार होता. केंद्रावर कुणी फारसं बोललं नाही, मलाही तेच हवं होतं. त्या दिवशी पाणीखात्याचे एक साहेब स्टुडिओत पाहुणे होते. मी मनात पक्कं केलं होतं, आज काही झालं तरी नळाचं निघालंच पाहिजे. गोपाळभाऊंनाही आदल्या दिवशी कळवलं होतं. आईचं मात्र सांगितलं नव्हतं. कसं सांगणार?

लाल दिवा लागला. पहिलाच फोन. "बेन, केम छो? बाना गुडघा केम छे?"

मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. रेडिओत अशा शांततेइतकं वाईट काही नसतं, ऐकणाऱ्याला वाटतं केंद्रच बंद पडलं. पाहुणे साहेब माझ्याकडे बघायला लागले. मनहरभाईंचा हात अडीअडचणीला ठेवलेल्या भजनाच्या तबकडीकडे गेला. मी मान हलवून नको म्हणत होते, पण बोलता काही येईना.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. एवढा हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"समजनं, माय. तू आते चूप बस. मी बोलस."

आणि बोलल्या! बापरे, काय बोलल्या! रुळांपलीकडचा नळ, डब्यांखालून काढलेले हंडे, मागच्या पावसाळ्यात घसरून पडलेली म्हातारी, एकदा गाडी हलली तेव्हा खाली राहिलेली कळशी आणि तिचा झालेला चेंदामेंदा, पोटुशी सून, तिला रोज घरात अडवायचं कसं, सगळं. ना थांबणं, ना आभार. मनहरभाईंनी तबकडीवरचा हात मागे घेतला. पाहुणे साहेबांनी माइक जवळ ओढला आणि माझ्याऐवजी तेच विचारायला लागले, गल्ली कुठली, रुळांच्या कुठल्या अंगाला, मोठी पाइपलाइन कुठवर आली आहे. बाई सगळ्याची उत्तरं देत राहिल्या. मी पदर तोंडाला लावून मनसोक्त रडले. सगळं शहर ऐकत होतं, पण माझं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही. ते त्यांच्या आवाजाखाली झाकलं गेलं.

शेवटी त्यांनीच विचारलं, "आते बोलशी का, माय?"

मी म्हटलं, "हो, मावशी."

"मंग ठेवस," म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांनी आपणहून फोन ठेवल्याची ही पहिलीच वेळ.

नळ आला. लगेच नाही, खेटे घालावे लागले, साहेबांना मीही दोनदा आठवण करून दिली, पण गल्लीत आला. नळाला हळदकुंकू वाहायला मला बोलावणं होतं. तिथे मी सोजरबाईंना पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं, अंगापिंडानं दणकट बाई असेल. ही तर माझ्या खांद्याला लागणारी, काटकुळी, डोक्यावरचा पदर कानांमागे खोचलेली. त्यांच्या खोलीच्या भिंतीला लागून यंत्रमागांचं शेड. मागांचा खडखडाट इतका की चहात साखर किती हेसुद्धा ओरडून विचारावं लागे. आवाजाचं गुपित तेव्हा कळलं.

बायका म्हणत होत्या, "माय, असं धडाधडा बोलता येत होतं तर इतके दिवस का नाही बोललीस?" बाई नुसत्या हसल्या. मला बाजूला घेऊन त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी नळाचंच का काढलंत?"

म्हणाल्या, "तुले रडाले टाइम नको का? नळनं लांबलचक होतं, म्हनीसन तेच काढं."

आत खोलीत सून बाळाला पाजत बसली होती. मी सोजरबाईंच्या पाया पडले. आईच्या दिवसांत मला भेटायला पुष्कळ लोक आले होते, धीर देऊन गेले होते. पण रडायला जागा मला हिनं करून दिली. हे ऋण मी कशानं फेडू, मला अजून कळलेलं नाही. फेडायचंही नाही.

पुढे नळ मिळाला तरी गुरुवारचा फोन चालूच राहिला. आता मागायचं काहीच नव्हतं. "काही नही, माय. तू जेवनी का, येवढंच." मनहरभाई दोन मिनिटं मोजायचे आणि तिसरं सोडून द्यायचे.

मग एका गुरुवारी नवागामहून फोन आला आणि आवाज पुरुषाचा होता. गोपाळभाऊ! रेडिओ म्हटलं की बोबडी वळणारा हा माणूस थेट हवेवर आला होता. मी म्हटलं, "गोपाळभाऊ, केम छो? घरी सगळे बरे ना?"

मागे यंत्रमाग खडखडत होते. मग एक हुंदका आला, नुसताच.

मी म्हटलं, "समजलं, भाऊ. तुम्ही आता गप्प बसा. मी बोलते."

आणि त्या गुजराती कार्यक्रमात मी मराठीत बोलायला लागले. एरंडाच्या पानापासून सुरुवात केली. आईचे गुडघे, रूळ, हंडे, नळ, सगळं सांगितलं, काही म्हणता काही सोडलं नाही. काचेपलीकडे मनहरभाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं.