गाडी बाबारावांची, जीव रुपरावांचा

कोणत्याही गाडीचं बॉनेट उघडण्याआधी रुपराव हेडाऊ चपला काढून ठेवतात. खाली ग्रीसने माखलेली जमीन असते, देवघर नसतं. पण सवय ती सवय. त्यांच्या बापाचा हातमाग होता आणि मागावर कोणी चपला घालून बसलं की बाप हातातल्या धोट्यानेच, विणताना धागा नेणाऱ्या लाकडानेच, हाणायचा. पुढे माग विकला, रुपराव पंधराव्या वर्षी पाना धरून मोटारींकडे वळले, आता सदुसष्ट वर्षांचे झाले, तरी बॉनेटपाशी आले की पाय आपोआप मोकळे होतात.

दुसरी सवय दसऱ्याची. बाप आपट्याचं पहिलं पान मागाला द्यायचा, मग माणसांना. रुपराव पहिलं पान इंजिनाला देतात. इतवारीत बाबारावांचं भांड्यांचं दुकान आहे, त्याच्या मागच्या शेडमध्ये त्यांची जुनी फियाट उभी असते. बावीस वर्षं झाली, दर दसऱ्याला रुपराव यायचे, रेडिएटरशेजारी सोनं खोचायचे, हात जोडायचे, बाबारावांनी मागवलेला चहा प्यायचे आणि निघून जायचे.

एकेकाळी अशा दहा-बारा गाड्या त्यांच्या हातात होत्या. एकेक करून सगळ्या गेल्या. आताच्या गाड्यांचं बॉनेट उघडलं तर प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि पोरं त्याला लॅपटॉप जोडतात. रुपरावांच्या पान्याला ओळखणारी ही एकच गाडी उरली होती. ही गेली की रुपरावांनी घरी बसून शेंगा फोडायच्या, दुसरं काय?

आणि ती जायला निघालीच होती. बाबारावांचा मुलगा विक्की चाळिशीचा, धंद्यात चोख, पण जुनी वस्तू दिसली की त्याला खुपते. वाडीकडे त्याच्या मित्राचं हॉटेल होतं. दारात शोभेला एक जुनी मोटार हवी होती, इंजिन काढून, आत कुंड्या ठेवून. कुंड्या! हे रुपरावांच्या कानावर आलं ते नेमकं दसऱ्याच्या दिवशी. बाबाराव तेव्हा नाही म्हणाले होते. पण भाऊबीजेला ते फियाटने बहिणीकडे जाऊन आले, गाडी शेडमध्ये लावली आणि दुसऱ्या दिवसापासून तिने जे मौन धरलं ते सोडेना. विक्कीला आयतंच सापडलं. शेवटी बाबाराव कंटाळून म्हणाले, "गुरुवारी बारा वाजेपर्यंत सुरू झाली तर ठेवू, नाई झाली तर नेऊ दे तिले."

गुरुवारी आठ वाजता रुपरावांनी चपला काढल्या.

सेल्फ मारला. इंजिन फिरलं, त्याने धापा टाकल्या, पण पेटलं नाही. म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोलचा पाइप सोडून पाहिला, पेट्रोल झकास येत होतं. कार्बोरेटर उघडला, एकेक जेट तोंडाने फुंकला, तोंड पेट्रोलने भरलं, थुंकले, पुन्हा लावला. सेल्फ मारला. नाही. चारही प्लग काढून पॉलिश पेपरने घासले. एक प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून पाहिला, तर ठिणगीच नव्हती. करंट कुठेतरी अडत होता. कॉइल बदलली, वायरी बदलल्या. ठिणगी नाहीच.

तोवर शेजारचे स्टोव्हवाले आनंदराव येऊन उभे राहिले. त्यांना स्टोव्हपलीकडचं काही कळत नाही, त्यामुळे ते अगदी खात्रीने बोलतात. पेट्रोलमध्येच भेसळ आहे, असं त्यांनी तीनदा सांगितलं. ते चौथ्यांदा सांगू लागले, तेव्हा रुपरावांनी त्यांच्या हातात टॉर्च धरायला दिला आणि ते गप्प झाले.

साडेअकराला फियाट उचलून न्यायला हॉटेलवाल्याचा टेम्पो आला आणि गल्लीच्या तोंडाशी हातगाड्यांत अडकला. रुपरावांनी मनातल्या मनात त्या हातगाडीवाल्यांना आशीर्वाद दिले. विक्की घड्याळ पाहत फेऱ्या मारत होता. बाबाराव दुकानाच्या पायरीवर बसून गाडीकडे बघणं टाळत होते.

एवढ्यात चंद्रकलाबाई डबा घेऊन आल्या. रुपरावांची बायको. लग्नाआधी त्यांनी वडिलांच्या मागासाठी सुताच्या हजारो कांड्या भरल्या होत्या; गाडीतलं त्यांना काही कळत नाही, नवऱ्यातलं सगळं कळतं. काय काय पाहिलं, त्यांनी विचारलं. रुपरावांनी सगळी यादी सांगितली.

"अन् हा काळा डबा?" चंद्रकलाबाईंनी बोट दाखवलं.

तो डिस्ट्रिब्युटर होता. चारही प्लगांना पाळीपाळीने करंट वाटतो तो.

"तो काय पाह्यचा? दसऱ्याले मीच त साफ केला," रुपराव म्हणाले.

"मागावर धागा तुटला का माहे बाबा पयले आपलीच गाठ पाहत. दुसऱ्याची मंग."

रुपराव रागावले. बायकोवर नाही, ती बरोबर बोलली म्हणून. पेचकस घेऊन ते वाकले, डब्याच्या दोन्ही पट्ट्या सोडल्या आणि झाकण उचललं.

आत आपट्याचं पान होतं. भाऊबीजेच्या फेरीत हादरे बसून त्याचा वाळका चुरा झाला होता, आणि एक कपटा नेमका करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन पॉइंटांच्या मध्ये जाऊन बसला होता.

रुपरावांनी ते लगेच ओळखलं. पान त्यांचंच. गाडी जाणार हे दसऱ्याला ऐकलं, तेव्हा त्यांना वाटलं होतं की यंदा सोनं बाहेर खोचून भागायचं नाही, हिच्या जिवाजवळ ठेवावं, म्हणजे ती राहील. पन्नास वर्षं गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाने इंजिनात पालापाचोळा कोंबला होता! आनंदरावांनीही असं केलं नसतं.

कोणी पाहत नाही, असं त्यांना वाटलं. कपटा मुठीत घेतला, चुरा फुंकला, पॉइंट घासले, झाकण लावलं. सेल्फ मारला. फियाट एकदा खोकली आणि सुरू झाली. बारा वाजायला सात मिनिटं होती. बाबाराव पायरीवरून असे उठले की त्यांचा गुडघा दुखतो हे त्यांनाही आठवलं नाही.

"काय झालं होतं, काका?" विक्कीने विचारलं.

आता कॉइल म्हटलं असतं तरी चाललं असतं. वायर म्हटलं असतं तरी चाललं असतं. मूठ आवळलेलीच होती. चंद्रकलाबाई जेवणाच्या डब्याचं झाकण लावत खाली बघत होत्या, म्हणजे त्यांनी पाहिलं होतं.

रुपरावांनी मूठ उघडली. सगळं सांगितलं. ठेवलं कुठे, का ठेवलं, तेही सांगितलं.

विक्की म्हणाला, "म्हणजे गाडी तुमीच बंद पाडली. पाहा बाबा, यांच्या भरवशावर ठेवता?"

रुपरावांनी मान खाली घातली. खरंच होतं ते.

बाबाराव जवळ आले, रुपरावांच्या तळहातावरचा तो कपटा त्यांनी उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. मग विक्कीला म्हणाले, टेम्पोवाल्याला चहा पाज आणि परत पाठव. विक्कीने तोंड उघडलं, बापाचं तोंड पाहिलं आणि गल्लीकडे चालू लागला.

"बावीस वर्षं झाले गा रुपराव," बाबाराव म्हणाले. "दर दसऱ्याले तू येतं, गाडीले सोनं देतं, माहा चहा पेतं अन् चालला जातं. मी इथंच बसून राह्यतो. मले एक पान देलं नाई कधी."

बावीस वर्षांत हे रुपरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पुढच्या दसऱ्याले माह्या हातात देजो," बाबाराव म्हणाले आणि तो कपटा जपून खिशात ठेवला. "इंजिनात टाकू नको."

रुपराव हो म्हणाले आणि चपला शोधू लागले. त्या आनंदरावांच्या पायाखाली होत्या.